‘सर्व प्रकारचे संबंध’

बोलणे रंगात आले की तो उठायचा, चपला तिथेच सोडायचा आणि ज्याच्याशी वाद चालू आहे त्याच्याच शेजारी जाऊन बसायचा. तो माणूस दचकायचा. हा मात्र मान थोडी कलती करून, ज्या जागेवरून स्वतः उठून आला होता त्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणायचा, "थांबा जी, इकडून पायतो जरासा." आणि खरोखरच बघायचा. मग म्हणायचा, "हो ना, इकडून तं तुमचंच खरं दिसते." पुन्हा उठून आपल्या चपलांपाशी येऊन बसायचा. "पन इकडून दिसत नाही."

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. त्याची बायको म्हणायची, "हा मानूस जेवतानाही उठून माह्या बाजूनं येऊन बसते. भाजीत मीठ कमी हाय हे इकडून सांगाचं सोडून तिकडून सांगते."

तो गेला त्याला दोन वर्षे झाली. त्याच्या शोकसभेत आमच्या आजच्या सरपंचांनी भाषण केले. तो साधाभोळा होता, कोणाच्या अध्यात नव्हता, मध्यात नव्हता, असे ते म्हणाले. हे धादांत खोटे आहे. तो आयुष्यभर लोकांच्या मध्यातच होता. मध्यात उभे राहणे हेच त्याचे काम होते. आणि साधेभोळेपणाविषयी एवढेच सांगतो की मोजणीच्या नोकरीत मी जिल्हाभर हिंडलो, पण समोरच्याच्या मनात काय आहे हे इतक्या लवकर ओळखणारा दुसरा माणूस मला भेटला नाही. शोकसभेत मी उठून बोलणार होतो. माझ्या मुलाने सदरा धरून मला खाली बसवले. म्हणून हे लिहितो आहे.

भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाल्यावर मी कुडव्याला घर बांधले, पण शेत आणि मत दोन्ही टोल्यातच ठेवले. आमचा टोला, म्हणजे मूळ गावापासून अलग वसलेली वस्ती, दवनीवाड्याच्या बाजूला आहे. टोल्याच्या शेजारी मोठे गाव आहे, आणि त्या गावाच्या हद्दीत आमच्या दोघांचा सामायिक तलाव आहे. त्या काळी आमची ग्रामपंचायत एकच होती. गटग्रामपंचायत म्हणतात तिला. सरपंच नेहमी मोठ्या गावाचा, कारण मते त्यांची अधिक.

तो आमच्या टोल्याचा पाणकर होता. तलावाचे पाणी बांध्याबांध्यांतून, म्हणजे धानाच्या एकेका बांध घातलेल्या तुकड्यातून, ठरल्या पाळीने पोहोचवणारा, गावाने नेमलेला माणूस म्हणजे पाणकर. तलावाचे दार, ज्याला आम्ही तुडूम म्हणतो, ते उघडण्याचा आणि बंद करण्याचा आमच्या बाजूचा अधिकार त्याचा. खांद्यावर फावडे, कमरेला गमछा. घरी तो पोवारी बोलत असे, कचेरीत हिंदी, आणि भांडण मिटवायचे असले की झाडीबोली. घड्याळ तो वापरत नसे. बांधीच्या कोपऱ्यातील धानाच्या बुडख्याला पाणी लागले की पाळी संपली, हा त्याचा हिशेब. आणि सख्ख्या भावाने हात जोडले तरी त्यानंतर तो एक ओंजळ अधिक जाऊ देत नसे.

टोल्याने वेगळे व्हायचे ठरवले, त्याचे कारण आज लोक फार मोठे करून सांगतात. अस्मिता वगैरे. कारण साधे होते. आमच्या रस्त्याचा प्रस्ताव मोठ्या गावाच्या कपाटात वर्षानुवर्षे पडून होता. आम्ही संतापलो, सभा घेतली आणि स्वतंत्र ग्रामपंचायत मागण्याचा ठराव एकमताने केला. ठरावाचा मसुदा मी लिहिला. टोल्यात शासकीय मराठी लिहिणारा दुसरा होता कोण? त्या मसुद्यात मी एक वाक्य घातले: ‘सदर टोला उक्त गावाशी असलेले सर्व प्रकारचे संबंध संपुष्टात आणून स्वतंत्र होऊ इच्छितो.’ ते वाचले तेव्हा टाळ्या पडल्या. ‘सर्व प्रकारचे’ या शब्दांवर अधिक पडल्या. मला ते वाक्य आवडले होते, हे मी नाकारत नाही.

वेगळे होण्यासाठी मोठ्या गावाचा ना-हरकत ठराव हवा होता, आणि त्यासाठी त्यांच्याशी बोलणी करणे भाग होते. कोणाला पाठवायचे? जे सभेत सर्वांत मोठ्याने ओरडले होते, त्यांतला एकही तयार होईना. आजचे सरपंच तेव्हा केवळ भावी सरपंच होते. त्यांना त्या आठवड्यात नेमका ताप आला. शेवटी पाणकराचे नाव निघाले. दोन्ही गावांत त्याला चहा मिळतो, एवढ्या एका पात्रतेवर. त्याची मुलगी मोठ्या गावात दिलेली होती, हे त्या दिवशी कोणालाच आठवले नाही. पुढे सर्वांना आठवले.

पहिली बैठक संपूर्ण सतरंजीवर गेली. ग्रामपंचायतीची ती मोठी सतरंजी कोणाची, यावर दोन्ही बाजूंचे पंधरा जाणते पुरुष त्याच सतरंजीवर बसून दुपारभर भांडले. मी लेखनिक म्हणून हजर होतो. अखेर तो उठला, पलीकडे जाऊन बसला, सतरंजीकडे तिकडून पाहिले आणि म्हणाला, "तुमचीच हाय, ठेवा. पन तुमच्या घरच्या लग्नात आमी आलो का हेच हातरा. आमाले हे वळखीची हाय." सगळे हसले. सतरंजीचा प्रश्न संपला.

पंचायत समितीच्या कचेरीत एका बाबूने त्याला विचारले होते, "चाचा, पहले ये बताओ, आप इधर के हो या उधर के?"

"साहब, मैं पानी का हूँ," तो म्हणाला. बाबूने त्याला बसायला खुर्ची दिली.

बोलणी चालू होती त्याच हिवाळ्यात वर्तमानपत्रांतून ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बातम्या रोज येत होत्या. न्हाव्याच्या दुकानात हिंदी पेपर येई. तो दाढी नसली तरी तिथे बसू लागला. एकदा मला म्हणाला, "मोजणीबाबू, त्या लोकाइचा तलाव कुठी हाय?"

"त्यांना तलावाची गरज नाही. चारी बाजूंनी समुद्र आहे."

"मंग भांडन कायचं?"

मी व्यापार सांगितला, कायदे सांगितले, आयर्लंडची सीमा सांगितली. सीमा हा माझा विषय असल्याने जरा अधिकच सांगितली. तो लक्ष देऊन ऐकत होता. तिथल्या पंतप्रधान बाईंनी संघाशी बोलून आणलेला करार त्यांच्याच संसदेने पाडला होता, आणि पाडणाऱ्यांत त्यांच्या स्वतःच्या पक्षाचे लोक होते, हे कळल्यावर त्याने तंबाखू मळायची थांबवली.

"घरच्याईनंच?"

"घरच्यांनीच."

"हे बाई पाहिजे तसं आनून राहिली नाही म्हनून का जास्तीचं देऊन राहिली म्हनून?"

"काहींच्या मते जास्त दिले म्हणून, काहींच्या मते निघायलाच नको म्हणून."

"आनि दोघं मिळून पाडून राहिले," तो म्हणाला. "बिचारी."

त्यानंतर टोल्यात त्याचे नाव ‘लंडन’ पडले. तो फावडे घेऊन निघाला की पारावरून हाक येई, "काय जी लंडन, काय म्हनते तुमची बाई?" हा न थांबता उत्तर देई, "आजही पडली."

आता ज्या गोष्टीवरून त्याला आजही दोष दिला जातो, तिच्याकडे येतो. टोल्यात सांगतात की त्याने तलाव मोठ्या गावाला देऊन टाकला. मुलीच्या सासरी मान राहावा म्हणून दिला. वाचकहो, तलाव त्याने दिला नाही. तो मी दिला.

तिसऱ्या की चौथ्या बैठकीला मी नातवाच्या आजारपणामुळे जाऊ शकलो नव्हतो. त्या बैठकीत मोठ्या गावाच्या एका वकिली डोक्याच्या माणसाने आमचाच ठराव बाहेर काढला आणि ते वाक्य वाचून दाखवले. तलाव त्यांच्या हद्दीत. जुन्या निस्तार पत्रकात, म्हणजे गावाच्या सामायिक वापराच्या नोंदीत, आमचा पाण्याचा हक्क होता, पण तो ‘सदर गावाचा टोला’ म्हणून होता. आणि आता तोच टोला सही-अंगठ्यानिशी कळवत होता की सर्व प्रकारचे संबंध संपुष्टात. "तलाव संबंधात येते का नाही, तुमीच सांगा," असे विचारून त्या माणसाने कागद पाणकरासमोर ठेवला. हयातभर निस्तार पत्रके हाताळलेल्या माणसाने ही चूक केली होती. टाळ्यांसाठी.

दुसऱ्या दिवशी तो कुडव्याला माझ्याकडे आला. कागद पुढे करून म्हणाला, "बाबू, हे वाक्य तुमचंच ना?"

मी ते वाचले. पुन्हा वाचले. 

"वाक्य चांगलं हाय," तो म्हणाला. "पन पान्याले एवढी मराठी समजत नाही."

आता मोठ्या गावाकडून जे हक्काचे होते ते मागून घ्यायचे होते, आणि ते त्याने मागून आणले. मोठे गाव ना-हरकत देईल. तलावाचे पाणी टोल्याला पूर्वीप्रमाणेच मिळेल आणि ते टोल्याचाच पाणकर वाटील. बदल्यात दर उन्हाळ्यात टोल्यातील घरटी एक माणूस तलावाच्या बांधावर माती टाकायला येईल. माती कुठे टाकायची ते मोठ्या गावाची समिती ठरवील. मी आयुष्यात अनेक तडजोडी पाहिल्या. हातात काहीही नसताना याहून चांगली तडजोड कोणी आणली असती, असे सांगणाऱ्याने माझ्यासमोर येऊन सांगावे.

महाराष्ट्र दिनी झेंडावंदनानंतर टोल्याची सभा भरली. भावी सरपंचांचा ताप उतरला होता. ते उभे राहिले.

"निंगाचं तं पुरं निंगाचं! वेगळं होऊन बी त्याइच्याच हुकुमानं माती टाकाची, तं वेगळं झालो कायले?"

टाळ्या. आणि तो, सवयीने, उठला. चपला सोडल्या आणि भावी सरपंचांच्या शेजारी जाऊन बसला. तोंड उघडण्याआधीच मागून कोणीतरी ओरडले, "पाहा पाहा, लंडन तिकडं बी जाऊन बसला! हा कोनाकडचा हाय?" सभा हसली. त्या हसण्यात पूर्वीचा स्नेह नव्हता. तो पुन्हा आपल्या जागी आला.

मग एका म्हाताऱ्याने विचारले, "तलाव तं आपलाच होता बापा. मागून घ्याची पाळी कावून आली? कोनं सोडला?"

 तो माझ्याकडे पाहील असे वाटले. त्याने पाहिले नाही.

"बोलता बोलता सुटला जी माह्याकून," तो म्हणाला.

करार पडला. विरोधात हात मागितले तेव्हा मी हात वर केला नाही. बाजूने मागितले तेव्हाही केला नाही. मी चष्मा पुसत होतो.

नंतर मी त्याला रस्त्यात गाठले आणि रागावूनच विचारले की माझे नाव का घेतले नाही. मी काय भिणारा माणूस आहे?

"तुमचं नाव घेतलं असतं तं उद्या टोल्याचा कागद कोन लिवला असता?" तो म्हणाला. "मले लिवता येत नाही बाबू. शिव्या खाता येते. ज्याले जे येते ते त्यानं करावं."

हे मोठेपण म्हणून तो बोलला नव्हता. कामाची वाटणी म्हणून बोलला होता. मला ते आजही टोचते.

स्वातंत्र्यदिनाच्या सभेत करार पुन्हा पडला. त्याने तोवर माती टाकण्याचे दिवस निम्म्यावर आणले होते, तरी पडला. आता लोक मागे लागून बोलू लागले. "जावयाच्या गावाचा वकील." "तिकडचा चहा गोड लागते." एक दिवस त्याच्या फावड्याचा दांडा कोणीतरी मोडून ठेवला. त्याने नवा बसवला आणि कोणी मोडला असेल यावर एक शब्द काढला नाही, पण त्यानंतर पारावरून हाक आली तरी तो उत्तर देईनासा झाला.

त्या वर्षी पाऊस लवकर परतला. धान निसवायला आले होते; लोंबी बाहेर पडण्याचे ते दिवस, त्यात पाणी तुटले तर दाण्याऐवजी पोचट राहते. तलाव भरलेला होता. मोठ्या गावाने निरोप धाडला की यंदा करार झाल्याशिवाय टोल्याकडचे तुडूम उघडू देणार नाही. आता गांधी जयंतीची सभा, आणि तीच शेवटची.

सभेच्या आदल्या दुपारी तो माझ्याकडे आला. पाणी प्यायला, गमछ्याने तोंड पुसले आणि म्हणाला, "कागद घ्या. करारात अजून एक लिवाचं हाय."

मी लेखणी घेतली. त्याने सांगितले ते असे: टोल्याचा पाणकर टोल्याने नव्याने निवडावा, आणि सध्याचा पाणकर पुन्हा निवडला जाऊ नये.

"हे कोणी मागितले?" मी विचारले.

"कोनी नाही."

"मग?"

"करार कुठी पडून राहिला बाबू? मी पडून राहिलो. माह्यावरचा राग करारावर निंगून राहिला. मले बाजूले काहाडलं का मग माती बी टाकतीन थे."

मी लिहिणार नाही असे स्पष्ट सांगितले. मी स्वतः सभेत उभा राहतो, वाक्य माझे होते हे सांगतो, असेही म्हणालो. खरेच सांगणार होतो. त्याने कागद पुन्हा माझ्याकडे सरकवला.

"आता सांगान तं उद्याची सभा त्याच्यातच जाईन. तुमाले बोलतीन, मग तुमी बोलान, तुमी तं लय बोलता. धान थांबत नाही ना." मग आठवल्यासारखे करून त्याने विचारले, "थे लंडनची बाई बी शेवटी म्हनली होती ना, हे पास करा, मी जातो?"

"म्हणाली होती. तरीही पाडला."

"तिच्या इथं धान उभं नव्हतं," तो म्हणाला. "लिवा."

मी लिहिले. त्या कलमातला शब्दन् शब्द माझ्या हस्ताक्षरात आहे आणि तो कागद माझ्याजवळ आहे. ज्याला शंका असेल त्याने येऊन पाहावा. त्याला पाणकरपदावरून कोणी काढले नाही. टोल्यात कोणाची ती छाती नव्हती. ज्या कामाशिवाय त्याला दुसरे काही येत नव्हते ते काम त्याने स्वतः उचलून करारात घातले.

गांधी जयंतीला मी करार वाचला. शेवटचे कलम आले तेव्हा कुजबुज थांबली. भावी सरपंच उठले, घसा साफ केला आणि म्हणाले की टोल्याच्या भावनांचा आदर झाला असल्याने आता आपला विरोध राहिलेला नाही. हात वर झाले. त्याचाही झाला. समोर बसलेल्या एका बाईने, जिची बांधी तलावापासून सर्वांत लांब, तेवढे विचारले, "पन मग पानी कोन वाटन?" तिला कोणीतरी गप्प केले.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ना-हरकत मिळाली, यथावकाश ग्रामपंचायत वेगळी झाली, भावी सरपंच सरपंच झाले. रस्ताही झाला. मी वेगळे होण्याच्या बाजूचा होतो आणि आजही आहे. त्या काळात तो रुसून घरात बसला होता, असेही कोणी सांगतात. तेही खोटे. मी त्याला त्याच आठवड्यात त्याच्या शेतावर पाहिले आहे.

सभेच्या तिसऱ्या दिवशी तुडूम उघडले. नवा पाणकर चाळिशीतला, कष्टाळू, पण पाण्याची सवय नसलेला. मनगटावरच्या घड्याळात बघून पाळी देत होता. मी माझ्या बांधावर होतो. शेजारच्या बांधीवर तो, हात मागे बांधून, इतर सगळ्यांसारखा आपल्या पाळीची वाट पाहत उभा. त्याच्या खांद्यावर फावडे नव्हते, आणि तो खांदा नुसताच थोडा खाली झुकलेला दिसत होता. पाणी आले. भेगांमधून आत शिरताना त्याचा तो बारीक आवाज झाला. एका अंगाने बांधी भरत गेली.

पलीकडच्या कोपऱ्यातले धान अजून कोरडेच होते, तेवढ्यात नव्या पाणकराने मनगट वर केले.

"काका, झाली जी तुमची पाळी. बंद करू का?"

मी तोंड उघडले. असा अन्याय माझ्यादेखत होऊ देण्याचा माझा स्वभाव नाही. त्याने मागे न वळता, पाठीमागे बांधलेल्या हातांतला एक हात माझ्या दिशेने उघडला. थांबा, एवढाच त्याचा अर्थ.

आजूबाजूच्या बांधावर दहा-बारा माणसे उभी होती. सगळी त्याच्याकडे पाहत होती. पहिल्याच पाळीला जुना पाणकर नव्याशी भांडतो का, हे पाहत होती.

"कर बापा," तो म्हणाला.

नव्या पाणकराने मातीचे ढेकूळ टाकून तोंड बुजवले आणि पाणी पुढच्या बांधीकडे वळले. तो वाकला. पाणी जिथवर येऊन थांबले होते तिथे त्याने बोटाने ओली माती चाचपली आणि पुढच्या कोरड्या धानाकडे पाहत राहिला. मोजणीदाराच्या नजरेने सांगतो, पाव बांधी कोरडी राहिली होती. पावाहून थोडी अधिकच.